अश्वत्थाम्याचं तेल आणि आपलं नवं कपाट

प्रति,
अध्यक्ष आणि ग्रंथनिवड समितीचे सर्व सदस्य,
आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय

सप्रेम नमस्कार.

मायना काय लिहावा यातच दोन दिवस गेले. समितीत आबा आहेत, ते मला वडिलांच्या जागी. ग्रंथपाल ताई माझ्या मुलीच्या वर्गातल्या. अध्यक्ष माझ्या बरोबरीचे, चौथीपर्यंत एकाच बस्करावर बसलो. 'तीर्थरूप' लिहावं तर निम्म्यांना चुकतं, 'चिरंजीव' लिहावं तर उरलेल्यांना. चांगदेवाची हीच पंचाईत झाली होती. ज्ञानदेव वयानं लहान आणि अधिकारानं मोठे, म्हणून त्यानं कोराच कागद पाठवला, आणि मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. चांगदेवाचं देऊळ आपल्याच जळगाव जिल्ह्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर. मुक्ताईही तिथून जवळच, मेहूणला विजेच्या लोळात गुप्त झाली असं आपण मानतो. तेव्हा कोरा कागद पाठवून माझी सुटका होणार नाही. लिहितोच.

फळ्यावर नोटीस लागली ती वाचली. नाशिकला स्थायिक झालेल्या आपल्याच गावच्या एका मुलानं आईच्या स्मरणार्थ 25,000 रुपये दिलेत. त्यातून 'पुराणकथा, लोककथा व धार्मिक वाङ्मय' असं वेगळं कपाट करायचं, सभासदांनी आठ दिवसांत नावं सुचवावीत. चांगली गोष्ट आहे. नोटिशीखाली कच्ची यादीही टाचली होती. ती मी उभ्यानं एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग कुणीतरी तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि रात्री अकरापर्यंत जे चाललं ते तुम्हीही पाहिलंत. मी ग्रुपवर काही बोललो नाही. बोटं जाड आहेत, भलतंच बटण दाबलं जातं. म्हणून हे पत्र.

मी साहित्यातला माणूस नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अमळनेर, शहादा, अक्कलकुवा हे माझे डेपो. वाचायची सवय लागली ती मुक्कामी गाडीनं. रात्री गाडी धडगावला नाहीतर त्याच्याही आतल्या गावात लागली, की ड्रायव्हर घोरायला मोकळा आणि मी पहाटेपर्यंत मोकळा. वेबिल भरून झालं, पैशांची पिशवी उशाखाली घातली, की कंदिलाच्या उजेडात श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप काढायचा. लोक जमायचे. मी ओव्या वाचायचो, मोडकातोडका अर्थ सांगायचो, आणि समोर चिलीम ओढत बसलेला एखादा म्हातारा शांतपणे म्हणायचा, "असं नव्हतं ते." मग तो त्याचं सांगायचा. माझं जे काही शिक्षण झालं ते त्या 'असं नव्हतं ते'मध्ये झालं. तुमच्या यादीत मला खटकलं ते हेच, की तिच्यात 'असं नव्हतं ते' म्हणणारं एकही पुस्तक नाही.

आधी जुन्या कपाटाचं बोलतो. ताईंच्या परवानगीनं मी परवा ते उघडून बसलो होतो. एकाच व्रताच्या सात पुस्तिका निघाल्या. सात वेगवेगळी मुखपृष्ठं, आतला मजकूर शब्दाला शब्द तोच. या कुणी विकत घेतलेल्या नाहीत, उद्यापनाला वाटून उरल्या आणि वाचनालयाला 'सप्रेम भेट' आल्या. दाखल नोंदवहीत प्रत्येकीला क्रमांक पडलाय, वार्षिक अहवालात पुस्तकांची संख्या वाढलीय, अनुदानाच्या तपासणीला कपाट भरलेलं दिसतं. मला हे समजतं. आम्हीही भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचा आकडा, दाखवायला काय काय करायचो ते आता सांगत नाही. पण या नव्या पैशातून आणखी बावीस तसल्याच पुस्तिका घ्यायच्या, हे मला कळलं नाही. एक प्रत ठेवा, बाकीच्या देवळात द्या.

मी पूजाअर्चेच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. सत्यनारायण आमच्याकडे दरवर्षी होतो. फक्त एक शंका लहानपणापासून आहे. पोथीत पाच अध्याय, आणि पाचही अध्यायांत पूजा केली, कथा ऐकली म्हणून कुणाचं भलं झालं आणि प्रसाद टाकला म्हणून कुणाची नौका बुडाली, एवढंच. ती माणसं कोणती कथा ऐकत होती ते भटजींना विचारलं तर ते म्हणाले, शिरा गार होतोय. नौका बुडण्याच्या धाकावर चालणारी कथा लक्षात राहते खरी, पण तिच्याशी बोलता येत नाही. काही विचारायला गेलं की ती डोळे वटारते.

त्याच कपाटात, पाठकोरा कागद लावून शिवलेलं, कहाण्यांचं एक जुनं पुस्तक आहे. ते ताईंनी बाहेर काढून ठेवावं. त्यातली सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. आटपाट नगरच्या राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. हुकूम सुटला, घरोघरचं सगळं दूध देवळात. पोरं उपाशी, वासरं उपाशी, आणि गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं घरातल्या लेकरांना पाजलं होतं, वासरांना पाजलं होतं, उरलेलं खुलभर दूध आणून ओतलं आणि गाभारा काठोकाठ भरला. ही कथाही व्रताचीच, पण तिच्यात चूक झालीय ती राजाची, आणि ती दाखवून दिलीय एका म्हातारीनं. सरकारी हुकुमाबद्दल इतकं स्वच्छ बोलणं मी युनियनच्या सभेतही फारसं ऐकलं नाही. व्रताचं पुस्तक घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. दोन पानं उघडून बघा, ऐकणाऱ्या बाईला ती कथा काय समजतेय: देणेकरी की शहाणी.

आता ग्रुपवरच्या भांडणाकडे येतो. एका बाजूचं म्हणणं, विज्ञानाच्या काळात हे कपाटच कशाला. त्यांना माझं उत्तर दोन ओळींचं आहे. कपाट केलं नाही म्हणून कथा गावातून जाणार नाहीत. आपण वाचल्या नाहीत तर ज्याचा भोंगा मोठा त्याच्याकडून ऐकाव्या लागतील.

दुसऱ्या बाजूला उत्तर द्यायला वेळ लागेल. 'फक्त मूळ, अस्सल ग्रंथ घ्या, बाकीची भेसळ नको,' असं तिथं तिघाचौघांनी लिहिलंय. ऐकायला हे बरं वाटतं. पण दुकानात जाऊन मूळ महाभारत द्या म्हटलं तर दुकानदार कोणतं देणार? पुण्याच्या भांडारकर संस्थेनं हाच प्रश्न हातात घेतला. 1919 साली काम सुरू झालं, 1966 साली पुरं झालं. देशभरातली 1,259 हस्तलिखितं लावून, ओळ ओळ ताडून, एकोणीस खंडांत चिकित्सक आवृत्ती काढली. सुरुवात करणारे बरेचजण शेवट बघायला उरले नाहीत. एवढं करूनही त्या विद्वानांनी 'हेच व्यासांच्या तोंडचं' असं म्हटलं नाही. जास्तीत जास्त जुनं जे हाती लागतं ते हे, एवढंच म्हटलं. आणि जे गाळलं ते फेकलं नाही, तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवलं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढची गोष्टसुद्धा त्यात मुख्य मजकुरातून परिशिष्टात गेली. आता गणेशोत्सवात ती सांगायची नाही का? सांगायची की. ती नंतर आलीय एवढं माहीत असावं.

तसंच रामायणाचं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. शबरी तिथं रामाला रानातलं कंदफळ देते, पण चाखून उष्टी केलेली बोरं तिथं नाहीत. अहल्येची शिळा तिथं नाही, ती राखेत पडून, वारा खाऊन, कुणाला न दिसता राहते. मग बोरं फेकायची का? मी तर म्हणेन, बोरं कुणी आणली ते शोधावं. मूळ रामायणात नसलेली ती उष्टी बोरं कुणाला तरी इतकी हवी होती की आज त्यांच्याशिवाय शबरी उभीच राहत नाही. ती ज्यानं घातली त्याच्या घरचं कुणीतरी पंगतीबाहेर बसलेलं असणार, असं मला वाटतं. हे माझं अनुमान, पुरावा मागू नका.

आणि काही भर घातलेल्या गोष्टी अशा, की त्या भर आहेत हे कळणं घरोघरी गरजेचं आहे. 'द्रौपदी हसली आणि महाभारत झालं' हे वाक्य आपल्याकडे किती मुलींनी ऐकलं असेल? मोठ्यानं हसली की ऐकलंच. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा चिकित्सक आवृत्तीत भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात, नोकरचाकर हसतात. द्रौपदी तिथं हसत नाही; ती हसली असं पुढं दुर्योधन बापाला सांगतो, तेवढंच. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे वाक्य तिच्या तोंडी नाही. हे मला कळलं तेव्हा माझी मुलगी सासरी गेली होती. मी डेपोतल्या फोनवरून तिला तेवढंच सांगायला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, उशीर केलात."

यादीतला जो एक खंडातला, सोनेरी अक्षरांचा 'संपूर्ण' महाभारत ग्रंथ आहे, त्यावर म्हणूनच माझी हरकत आहे. त्यावर अनुवादकाचं नाव नाही. कोणत्या प्रतीवरून केलं ते नाही. प्रस्तावना आहे ती प्रकाशकाची, आणि तिच्यात हे पुस्तक घरात ठेवल्यानं लाभणारी फळं आहेत. पोतं शिवलंय, आत ज्वारी की बाजरी ते लिहिलेलं नाही. निवडीचा मला कळलेला सगळ्यात साधा नियम हा: ज्या पुस्तकात सांगणारा स्वतःचं नाव, गाव आणि आपण काय ठेवलं, काय गाळलं ते सांगतो, ते आधी घ्यावं. श्रीधरस्वामी ओवीत आपलं नाव घालून मोकळे होतात. भाविक होते, पण लपले नाहीत.

आता मला ज्याच्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते.

दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याकडून पोरं अस्तंब्याला निघायची. शेकडोंच्या टोळ्या, पायात साधी चप्पल, अंगावर घोंगडी, हातात काठी. सातपुड्यातलं तेराशे मीटर उंचीवरचं ते शिखर म्हणजे अश्वत्थाम्याचं ठाणं. परतताना ती पोरं माझ्या गाडीत बसायची, गुडघे फुटलेले, डोळे लाल, आणि बोलायला एकदम मोकळी. त्यांच्याकडून आणि गाडीतल्या म्हाताऱ्यांकडून मी अश्वत्थामा ऐकला. तो या डोंगरात अजून फिरतो. कपाळावरची जखम भरत नाही. वाटेत कुणी भेटलं की तेल मागतो, हळद मागतो. वाट चुकलेल्याला वाटेला लावतो आणि मागं वळून बघितलं की दिसत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शहाण्यासारखं म्हणालो, "असं नाही ते. पोथीत तेल नाही." तोवर 'असं नव्हतं ते' हे वाक्य मी फक्त ऐकून घेतलं होतं, त्या दिवशी मी ते वापरलं. एक म्हातारा म्हणाला, "पोथीत नसेल. डोंगरात आहे."

मग मी शोधायला लागलो. व्यासांच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आपल्या मस्तकावरचा मणी स्वतः काढून देतो. कृष्णाचा शाप आहे तो असा: तीन हजार वर्षं, एकटा, कुणाशी बोलणं नाही, अंगाला रक्तपुवाचा वास. (पंचांगातलं कलियुगाचं वर्ष धरून हिशेब केला तर ही मुदत संपून दोन हजार वर्षं उलटली. त्याला सुटकेचा कागद कुणी पोचवला नाही, सरकारी काम.) भागवतात मात्र अर्जुन तलवारीनं त्याच्या केसांसकट मणी कापून घेतो. म्हणजे संस्कृतातच दोन सांगणारे झाले. तिसरा सातपुडा, जिथं तो तेल मागतो. माणूस एक, जखम एक. एका ठिकाणी तो स्वतः देऊन टाकतो, एका ठिकाणी त्याच्याकडून कापून घेतात, आणि एका ठिकाणी त्या जखमेला तेल कोण देईल एवढाच प्रश्न उरतो.

पुढचं माझ्या एकदम लक्षात आलं नाही. तीनही गोष्टी शेजारी शेजारी डोक्यात असल्यामुळं एका रात्री आलं. अश्वत्थामा कुणाचा मुलगा? द्रोणाचा. गरीब घरातला. आदिपर्वात गोष्ट आहे: शेजारची पोरं दूध पितात म्हणून हा रडला, तर त्याला पिठाचं पाणी दिलं, आणि 'मी दूध प्यालो' म्हणून तो नाचला. तेव्हापासून द्रोण पैशासाठी दारोदार फिरला आणि हस्तिनापुरात शिकवायला लागला. तिथं त्यानं काय केलं? निषादाच्या मुलाचा, एकलव्याचा अंगठा मागून घेतला. आमच्या गाडीतली भिल्ल पोरं एकलव्याला आपला मानतात. बाण ओढताना आम्ही अंगठा लावत नाही, असं मला हाताची दोन बोटं दाखवून त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं होतं.

ज्यानं रानातल्या पोराचा अंगठा घेतला, त्याचा पोरगा आज रानात हिंडतोय, आणि त्या रानातली माणसं त्याच्या जखमेला तेल देतायत. त्याच्या नावानं डोंगर चढतायत.

हे कुठल्या एका पुस्तकात नाही. व्यासांच्या ग्रंथात नाही, आणि डोंगरात सांगणाऱ्या म्हाताऱ्यालाही पिठाच्या दुधाची गोष्ट माहीत नव्हती. मी ती त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तरीच तेल मागतो. दूध मागायची लाज वाटत असेल."

तुमच्या कपाटात एक महाभारत असेल तर हे कुणाला दिसणार नाही. दोन असतील तर कदाचित दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, सातपुड्यातलं आणायचं कुठून, छापलेलं कुठं आहे? थोडंफार आहे. शेजारच्या उत्तर गुजरातेत डुंगरी भिल्लांचं 'भारथ' डॉ. भगवानदास पटेल यांनी गाणाऱ्यांकडून ऐकून उतरवून घेतलं. त्यात पाताळातला वासुकी नाग द्रौपदीच्या महालात शिरतो आणि अर्जुनाला केसानं बांधून टाकतो. आपल्याकडे कुणी असं सांगितलं तर मारामारी होईल. तिकडे भाविक लोक रात्र रात्र बसून ते ऐकतात. आपल्या सीमेवर देवमोगरा आहे, याहामोगी देवीचं ठाणं, महाशिवरात्रीला तिथं जायला आमच्या जादा गाड्या सुटायच्या. याहामोगी, राजा पांठा या नावांना नंदुरबारच्या डोंगरात जो मान आहे तो आपल्या गावात कुणाला ठाऊक आहे? दुष्काळात धान्याच्या कणग्या मोकळ्या करणारी देवी आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे, आणि आपल्या यादीत ती नाही.

आणि आलंच असलं पुस्तक, तर ते ठेवणार कुठं? यादीत शेवटी 'आदिवासी मनोरंजक कथा' असा एक रकाना मी बघितला. पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायची ड्यूईची दशांश पद्धत ताईंनी मला एकदा समजावून सांगितली होती. दोनशेच्या घरात धर्म, आणि 398 म्हणजे लोकवाङ्मय. फडताळाचा हा आकडा वाटतो तेवढा साधा नाही. आपला हनुमान दोनशेत आणि त्यांचा वाघदेव तीनशे अठ्ठ्याण्णवात. आपण हात जोडतो तो धर्म, आणि ते हात जोडतात ती करमणूक. ग्रिअर्सनसाहेबानं 1907 साली भाषांची पाहणी छापली तेव्हा आपली खान्देशी त्यानं भिल्ली भाषांच्याच खंडात घातली. भाषापंडितांचा त्यावर वाद असेल, पण साहेबाला आपण आणि ते एका फडताळावर दिसलो. आपल्याला दिसत नाही. माझी विनंती आहे, नव्या कपाटात हा भेद करू नका. अश्वत्थामा म्हटलं की तिन्ही अश्वत्थामे एकाशेजारी एक लावा. ड्यूई काही रागावणार नाही.

आपल्या घरातलंही तेच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसते. पुरणाचे मांडे होतात, रोटांचं पीठ निघतं, भाऊबंद जमतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी नदीवर बोळवण होते. माझी आई त्या रात्री गायची. कानबाईचं लग्न, रानबाईचा रुसवा, कन्हेर राजाची वाट. एका श्रावणात मी शहाणपणानं वही घेऊन बसलो आणि म्हटलं, पुस्तकात कानबाईची गोष्ट वेगळी दिलीय. ती गाणं न थांबवता, मध्येच श्वास घ्यावा तशी म्हणाली, "पुस्तकमा तुन्ही कहानी शे, मन्ही मन्हा गळामा शे." मी वही मिटली. मिटायला नको होती. आई गेली तेव्हा माझ्याकडे चारच गाणी उतरलेली होती, त्यातलंही एक अर्धं.

बहिणाबाई चौधरी लिहायला शिकल्या नव्हत्या. घरच्यांनी त्यांची गाणी उतरून ठेवली म्हणून त्या गेल्यावर, 1952 साली, ती छापून आली. नाहीतर असोद्याच्या मातीतच राहिली असती. आपल्या गावात आज किमान पाच बाया आहेत ज्यांना रात्रभर कानबाई गाता येते. गुलाबाईची गाणी, आखाजीची गौराईची गाणी म्हणणाऱ्या तर पुष्कळ. त्यातली एक समितीतल्याच एका सदस्याची आई आहे. त्या सदस्यांनी यादीत मात्र दिल्लीत छापलेल्या गुळगुळीत परीकथा सुचवल्यात. म्हणून माझी सूचना थोडी विचित्र वाटेल: 25,000 मधले 1,000 रुपये कोऱ्या वह्यांवर घाला. दहावी-अकरावीच्या मुलामुलींना त्या द्या, एकेका बाईकडे बसवा. गाणारीचं नाव, तिचं माहेर आणि तारीख पहिल्या पानावर. शुद्धलेखन सुधारू नका. भरलेली वही नोंदवहीत दाखल करून क्रमांक द्या, बाकीच्या ग्रंथांसारखाच. अनुदानाच्या तपासणीला आलेला साहेब विचारेल की हे पुस्तक कुठल्या प्रकाशनाचं. तेव्हा मला बोलवा.

लहान मुलांचं मात्र वेगळं आहे, आणि इथं मी थोडा जुन्या वळणाचा आहे. माझ्या आईनं शिवलीलामृतातली श्रियाळ-चांगुणेची कथा माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सांगितली होती. अतिथीसाठी आईनं चिलया बाळाला उखळात कांडल्याची. पोर तीन रात्री माझ्या बायकोजवळ झोपायला तयार नव्हती. शेवटी महादेव बाळ परत देतो हे तिला सांगून झालं होतं, पण ती म्हणाली, "आधी कांडलं ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पोथी काढून टाका असं मी म्हणणार नाही, तिचा अकरावा अध्याय घरोघरी रोज वाचला जातो. वरच्या फळीवर ठेवा, एवढंच. उलट, 'मुलांसाठी' म्हणून जी पुस्तकं येतात त्यातून भांडण, फसवणूक, रडणं सगळं धुऊन काढलेलं असतं. हसरा कृष्ण, हसरा कंस. ती मुलांना दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. पिठाच्या दुधावर नाचणारा अश्वत्थामा सात वर्षांच्या पोराला अगदी नीट कळतो. मी सांगून बघितलाय.

अजून थोडं राहिलं, भरभर सांगतो. अजिंठा जळगावहून एका एसटीच्या अंतरावर आहे, तिथल्या सतराव्या लेण्यात विश्वंतराची जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, भिंतभर रंगवलीय. पोरं सहलीला जातात आणि भिंतीकडे पाठ करून फोटो काढतात, कारण ती गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही. दुर्गाबाई भागवतांनी जातककथा मराठीत आणल्यात, त्या मिळतात का बघा. गावात जैनांची घरं आहेत. त्यांच्या विमलसूरीच्या पउमचरियात, म्हणजे जैन रामायणात, रावणाला मारतो तो लक्ष्मण, राम नव्हे. त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारा, मराठीत काय चांगलं आहे. पीरबाबाच्या उरुसाला आपण सगळेच जातो, त्याची कथा मुजावर चाचांकडून एका वहीत उतरवा. पुराणांवरच्या नव्या इंग्रजी धाटणीच्या कादंबऱ्या, ज्यांत शंकर कमावलेल्या दंडाचा दिसतो, त्या पोरांना आवडतात म्हणून दोनचार घ्या. माझा विरोध नाही. पण त्यांना कादंबरीच्या कपाटात ठेवा. मी एकदा त्यातल्या एकीचा आधार देऊन कीर्तनकारांशी वाद घातला आणि चारचौघांत तोंडघशी पडलो.

आणि समितीला खरंच वेळ असेल तर एक दिवस धुळ्याला जाऊन या. समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण ठेवलंय. मी काचेतून बघितलं. रामाचं नाव अष्टौप्रहर जपणाऱ्या माणसानं आणखी एकदा सगळं रामायण बसून अक्षर अक्षर उतरवावं, याचा मी परतीच्या गाडीत विचार करत होतो. त्यांना ते पाठ नसेल का? तिथल्याच राजवाडे मंडळातही जुने कागद बघायला मिळतात. येताना स्टँडसमोरच्या गाड्यावर शेवभाजी खा, पण जपून. माझ्यासारख्या साठीतल्या माणसाला ती रात्री रामायण दाखवते.

पैशांचा हिशेब मी मागच्या पानावर मांडलाय. महाभारत दोन प्रकारचं, रामायण तीन प्रकारचं, कहाण्यांचं एक नीट संपादलेलं पुस्तक, भिल्लांचं जे मिळेल ते, जातक, वह्या, आणि 2,000 रुपये शिल्लक, कारण चांगलं पुस्तक नेहमी यादी संपल्यावर सापडतं. बेरीज दोनदा केलीय. रुपयात फरक पडला तर माझ्या खिशातून.

सोमवारी सायंकाळी बैठक आहे असं कळलं. बोलवलंत तर येईन, नाही बोलवलंत तर बाहेर पेपर वाचत बसेन, खिडकी उघडी असते. आणखी एक कबुली ताईंना. पांडवप्रतापाची आपल्या वाचनालयाची प्रत माझ्याकडे आहे. घरी नेली तेव्हा मी अक्कलकुव्याला होतो, म्हणजे दंड बराच झाला असेल. आकडा काढून ठेवा. सुट्टे घेऊन येतो.

आपला,
एक जुना सभासद
(निवृत्त वाहक)